उजवीकडचं अक्षर

बाटल्यांच्या कारखान्यात अकराशे माणसं कामाला होती आणि त्या अकराशे जणांच्या छातीत काय आहे हे एकट्या आपल्यालाच ठाऊक आहे, असं फोटोदादा छाती पुढे काढून सांगायचा. लग्नातले, वाढदिवसाचे फोटो काढणारा हा नव्हे. हा कारखान्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचा. भट्टीजवळ काम करणाऱ्यांच्या फुफ्फुसात काचेची भुकटी जाते, म्हणून वर्षातून एकदा प्रत्येकाने शर्ट काढून त्याच्यापुढे उभं राहायचं असा नियम होता. हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. हे त्याच्या तोंडात इतकं बसलं होतं की घरी बायको तावातावाने बोलायला लागली की तो तिलाही म्हणायचा, "श्वास घे. धरून ठेव." ती काही सोडायची नाही, पण हसायची.

दवाखाना म्हणजे फाटकाशेजारच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत डॉक्टर, मागच्या खोलीत मशीन, आणि मशीनच्या मागे एक अंधारी कोठडी, जिथे पूर्वी झाडू आणि बादल्या ठेवत. तिथे एक लाल दिवा, औषधाच्या पाण्याच्या तीन टाक्या आणि भिंतीला भिंत अशी ताणलेली तार. टाकीतून काढलेल्या फिल्मा त्या तारेवर चिमट्यांनी लटकायच्या आणि टपटप गळत राहायच्या. त्या पाण्याचा आंबूस वास फोटोदादाच्या बोटांना कायमचा चिकटला होता. जेवताना तो डाव्या हाताने पाणी प्यायचा तेव्हा पेल्यालाही तो वास लागायचा.

आता त्या अक्षराबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

एक्स-रेची फिल्म काचेसारखी आरपार असते. पुढून बघा, मागून बघा, ती तुम्हाला काही सांगत नाही. म्हणून फोटो काढण्याआधीच फिल्मच्या डब्यावर, माणसाच्या उजव्या खांद्याजवळ, शिशाचं एक अक्षर चिकटवायचं असतं. ते फोटोत पांढरं उमटतं आणि उजवी बाजू कोणती हे कायमचं ठरून जातं. फोटोदादाला नोकरीवर तीन वर्षं झाली होती तेव्हा हे अक्षर कोठडीतल्या मोरीत पडलं आणि पाण्याबरोबर गेलं. तो भांडारात नवीन मागायला गेला. भांडारवाल्याने चष्म्यावरून बघितलं. "एक अक्षर सुटं मिळत नाही. चाळीस अक्षरांची अख्खी पेटी येते. वरून मंजुरी आणा." फोटोदादाने अर्ज दिला. अर्जावर शिक्का बसला, आणि मग तो अर्ज जिथे सगळे अर्ज जातात तिथे गेला.

त्याच महिन्यात त्याने एक फिल्म उलटी लावली. म्हातारे डॉक्टर तेव्हा होते, जिभेला हाड नसलेले. दहा कामगार शर्ट काढून रांगेत उभे असताना ते ओरडले, "या माणसाचं हृदय उजवीकडे आहे होय रे? तू माणसाचा फोटो काढतोस की आरशाचा?" रांगेतले दहाही जण हसले. फोटोदादाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या दिवशी त्याने कानाला खडा लावला आणि एक युक्ती काढली. फिल्म सुकली की ती खिडकीच्या उजेडात धरायची, हृदय कुठल्या बाजूला आहे ते बघायचं, ती बाजू डावी समजायची, आणि समोरच्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईने उजवीकडचं अक्षर आपल्या हाताने लिहायचं. संपलं काम. अक्षर नको, पेटी नको, मंजुरी नको.

युक्ती बिनतोड होती. तिच्यात खोट एवढीच होती की ती कधीच पकडली जाणार नव्हती. उद्या खरोखरच कोणी उजवीकडे हृदय घेऊन त्याच्यापुढे उभा राहिला असता, तरी फोटोदादाच्या शाईने ते निमूटपणे डावीकडे गेलं असतं. पण असा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. पुढची वीस-बावीस वर्षं त्याची एकही फिल्म उलटी निघाली नाही. म्हातारे डॉक्टर निवृत्त होताना चारचौघांत म्हणाले, "बाकी काही म्हणा, याच्या कामात डावं-उजवं होत नाही." ते वाक्य फोटोदादा पुढे अनेक वर्षं पाहुण्यांना ऐकवायचा.

त्याला एक धाकटा भाऊ होता, अकरा वर्षांनी लहान. वडील लवकर गेल्यामुळे फोटोदादाच त्याचा बाप झाला होता. त्याचे केस कापून आणणं, शाळेत सोडणं, परीक्षेत नापास झाला की मारणं आणि मारलं की रात्री जवळ घेणं, सगळं यानेच केलं. धाकटा म्हणजे हसऱ्या तोंडाचा, कामाला वाघ, अभ्यासात दगड. आई त्याच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगायची. "हा तान्हा होता तेव्हा मी त्याच्या छातीला कान लावायचे, तर इकडे काही ऐकूच यायचं नाही. मी घाबरून जायचे. मग तिकडे कान लावला की आपलं चाललेलं असायचं टुकटुक. याचं काळीज त्या बाजूला आहे."

फोटोदादा एक्स-रेचं एक वर्षाचं शिक्षण घेतलेला माणूस होता. एका वर्षाचं शिक्षण माणसाला जरा जास्तच चढतं. तो म्हणाला, "आई, काळीज म्हणजे काय घरातलं कपाट आहे, वाटेल त्या भिंतीला लावायला?" धाकटा खदखदून हसला, त्याची नवी नवरीही पदराआड हसली. आई हसली नाही. "कानाने ऐकलंय मी," एवढंच म्हणाली आणि उठून गेली. त्यानंतर तिने ती गोष्ट काढली नाही. चार वर्षांनी ती वारली.

धाकट्याला बाटल्या बांधायच्या विभागात फोटोदादानेच चिकटवलं. भरती करताना त्याच्या छातीचा पहिला फोटो काढला, खिडकीशी धरला, अक्षर लिहिलं. छान स्वच्छ फुफ्फुसं होती. मग दर वर्षी एक, असे चौदा फोटो झाले. प्रत्येक वेळी धाकटा शर्ट काढून उभा राहायचा आणि म्हणायचा, "दादा, जरा देखणा काढ." प्रत्येक वेळी दादा म्हणायचा, "नालायका, श्वास धर." घरी जेवायला बसले की फोटोदादाचा एक ठरलेला विनोद होता. भावजयीकडे बघून तो म्हणायचा, "तू याला बाहेरून ओळखतेस. मी आतून ओळखतो." ती वाढता वाढता म्हणायची, "मग आत भूक किती शिल्लक आहे तेही सांगा, दादा." असं ते घर होतं. दोन भाऊ, शेजारी शेजारी दोन खोल्या, मधल्या भिंतीला दार पाडलेलं.

ज्या वर्षी धाकट्याची मुलगी सात वर्षांची झाली त्या वर्षी कारखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, हळू बोलायच्या आणि त्यांना एक वाईट खोड होती, त्या खरोखर तपासायच्या. आधीचे डॉक्टर शर्टावरूनच नळी टेकवून पुढच्याला बोलवत. या बाई डोळे मिटून ऐकत बसायच्या. त्यामुळे रांग लांबायची आणि कामगार कुरकुरायचे.

एका सोमवारी सकाळी धाकटा पोट धरून दवाखान्यात आला. बरोबर बायको होती. आदल्या दिवसापासून बेंबीशी दुखत होतं, आता दुखणं खाली डावीकडे सरकलं होतं, दोनदा ओकला होता. बाईंनी त्याला झोपवलं, पोट दाबून बघितलं. डावीकडे हात लावला की तो कळवळायचा. "उजवीकडे दुखत असतं तर मी सरळ अपेंडिक्स म्हणून मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं," त्या म्हणाल्या. "डावीकडे म्हणजे बहुतेक मुतखडा." मग सवयीने त्यांनी छातीला नळी लावली. डावीकडे ऐकलं, कपाळाला आठी पडली. नळी उजवीकडे नेली. परत डावीकडे आणली. दारात उभ्या असलेल्या फोटोदादाकडे वळून त्या म्हणाल्या, "मला यांचे ठोके उजवीकडे जास्त स्पष्ट ऐकू येतायत. यांचा छातीचा फोटो आहे का आपल्याकडे?"

त्या क्षणी सगळं हातात होतं. नुसतं एकदा, त्याच वेळी, उजव्या खांद्याशी एखादं नाणं चिकटवून, पुन्हा फोटो काढायचा होता. मशीन दहा पावलांवर होतं. पण फोटोदादाला आईची आठवण झाली, तिच्या त्या टुकटुक गोष्टीची, आणि त्याला हसू आलं. भोळी आई आणि शिकलेली डॉक्टरीण, दोघी सारख्याच. तो म्हणाला, "बाई, एक मागता चौदा देतो. माझा सख्खा भाऊ आहे. याला मी आतून ओळखतो. हृदय जागच्या जागी आहे." आणि धावत जाऊन त्याने कपाटातून मागच्याच वर्षीची फिल्म आणली.

बाईंनी ती उजेडाच्या पेटीवर लावली. हृदय डावीकडे होतं. कोपऱ्यात पांढऱ्या शाईने, वळणदार अक्षरात, उजवी बाजू लिहिलेली होती. त्या बराच वेळ बघत राहिल्या. नोकरीत येऊन त्यांना दोनच महिने झाले होते. "माझ्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली," त्या म्हणाल्या, आणि कानातून नळ्या काढून गळ्यात अडकवल्या. मुतखड्याची औषधं लिहून दिली, भरपूर पाणी प्यायला सांगितलं. बाहेर पडताना धाकट्याच्या बायकोने विचारलं, "दादा, नक्की काही नाही ना? फार तळमळतायत हो." फोटोदादाने तिला दटावलंच. "अगं, मुतखडा रडवतोच माणसाला. पडला की उड्या मारेल तो."

धाकटा दोन दिवस पाणी पीत राहिला. मंगळवारी दुपारी एकदम दुखायचं थांबलं. सगळ्यांना वाटलं, खडा पडला. त्याने मुलीला जवळ बसवून तिची शाळेची वही बघितली, दोन घास खाल्लेही. फोटोदादाने भावजयीला सांगितलं, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" दुखणं थांबतं ते आतलं फुटल्यावरही थांबतं, हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. बुधवारी सकाळी पोट फळीसारखं कडक झालं आणि अंग तापाने फणफणलं. मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत त्याची नजर ओळख विसरली होती. शस्त्रक्रिया झाली. गुरुवारी दुपारी अडीच वाजता तो गेला. एकेचाळीस वर्षांचा होता.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर फोटोदादाला बाजूला घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले. चांगला माणूस होता, तोडून बोलला नाही. "अपेंडिक्सच होतं. पण डावीकडे. तुमच्या भावाचं सगळंच आरशात बघावं तसं होतं. हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे. जन्मापासून. हजारोंत एखादा असा असतो आणि त्याने काही बिघडत नाही, अशी माणसं म्हातारी होऊन मरतात. फक्त कोणाला तरी माहीत असावं लागतं." मग त्यांनी विचारलं, "इतक्या वर्षांत यांच्या छातीचा एकही फोटो कोणी काढला नाही?"

फोटोदादा म्हणाला, "काढला होता."

डॉक्टरांना वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, क्वचित घराण्यात असतं हे, मुलीचा फोटो काढून बघा. आणि ते पुढच्या माणसाकडे गेले.

तेराव्या-चौदाव्या दिवशी फोटोदादा कामावर आला. धाकटा गेल्याचं कळताच डॉक्टरीणबाई नोकरी सोडून गेल्या होत्या. जाताना कोणाला भेटल्या नाहीत. आपले कान खरे होते हे त्यांना कोणी कळवलं नव्हतं, आणि आता कळवणार कसं? पत्ता कोणाकडेच नव्हता. त्याने कोठडीचं दार लावून घेतलं, धाकट्याच्या चौदा फिल्मा काढल्या आणि तारेवर एकेक लावली, उलट्या बाजूने, म्हणजे खऱ्या बाजूने. चौदा वर्षांतला भाऊ रांगेत लटकला. चौदाही ठिकाणी हृदय उजवीकडे. त्याने एकदाही त्याला असं पाहिलं नव्हतं. प्रत्येक फिल्मवर बरगडीशी बारीकशी रेघ होती. लहानपणी धाकटा जिन्यावरून पडला होता तेव्हाची. ती रेघही तो इतकी वर्षं चुकीच्या बाजूला बघत आला होता, आणि धाकट्याला खांद्यावर घेऊन हाडवैद्याकडे धावला होता तो हाच. त्याला आठवायला हवं होतं. तो खाली ओल्या फरशीवर बसला. कोणीतरी येऊन आपल्याला शिव्या द्याव्यात असं त्याला फार वाटलं. पण कारखान्यात जो तो त्याचं सांत्वनच करत होता.

अपेंडिक्स डावीकडे होतं आणि मुलीचा फोटो काढायला सांगितलाय, एवढंच त्याने घरी सांगितलं, बाकी मूग गिळून गप्प राहिला. कामावरून आला की मधल्या दाराकडे पाठ करून बसायचा. भावजय त्याला चहा आणून द्यायची आणि तो तिच्या हाताकडे बघत तो घ्यायचा. महिनाभराने एका दुपारी ती मुलीला घेऊन दवाखान्यात आली. "डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, हिचा फोटो काढा म्हणून," ती म्हणाली. "बाहेर कुठे नेणार? तुमच्याशिवाय मला कोणाचा भरवसा नाही, दादा."

त्याने मुलीला मशीनपुढे उभं केलं. ती बापासारखीच खांदे उडवत हसत होती. त्याने खिशातून घराची किल्ली काढली, मुलीचा उजवा हात तिच्याकडून तीनदा वर करून घेतला, आणि त्या बाजूला डब्यावर किल्ली चिकटपट्टीने लावली. "श्वास घे," तो म्हणाला, आणि पुढचे शब्द त्याला आठवेनात. मुलीनेच विचारलं, "धरू का, मोठे काका?"

कोठडीत फिल्म टाकीत बुडवून तो लाल उजेडात उभा राहिला. आधी किल्ली उमटली, मग बरगड्या, मग ती मुठीएवढी छाया. किल्ली एका बाजूला होती, हृदय दुसऱ्या. मुलगी सगळ्यांसारखी होती. तो रडला, पण ते सुटकेचं रडणं फार वेळ टिकलं नाही. किल्ली लावायला किती वेळ लागला होता? शर्टाचं एक बटण लावायला लागतो तेवढा.

त्याने ओली फिल्म बाहेर आणून खिडकीशी धरली, तशी भावजय जवळ आली. "बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. जागच्या जागी आहे."

"आणि ही किल्ली कशाला?"

"डावं-उजवं कळायला. नाहीतर फिल्म कुठूनही बघता येते."

ती किल्लीच्या त्या पांढऱ्या ठशाकडे बघत राहिली. तिच्या मनात संशय नव्हता, ती नुसती विचारत होती. "मग ह्यांच्या वेळी काय लावायचात?"

खोटं बोलता आलं असतं. अक्षर लावायचो, आता हरवलं, असं सांगून भागलं असतं. फोटोदादाने कोठडीच्या दारातून हात घालून फिल्म तारेला लावली, चिमटा नीट बसवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "काहीच नाही." मग त्याने सगळं सांगितलं. मोरी, भांडारवाला, म्हातारे डॉक्टर, पांढरी शाई. त्या सोमवारी डॉक्टरीणबाईंनी बरोबर ऐकलं होतं हेही. तो सावकाश बोलला, मधलं काही गाळलं नाही. फिल्ममधून पाणी टपटपत होतं. मुलगी बाहेरच्या खोलीत वजनाच्या काट्यावर चढत-उतरत होती, तिचा आवाज येत होता.

भावजयीने भिंतीला हात टेकला. "सासूबाई सांगायच्या," ती म्हणाली. "मीही हसले होते."

फोटोदादाने कपाटातून चौदा फिल्मांचा जाड लिफाफा काढला. मेलेल्या कामगाराच्या फिल्मा वर्षभराने भंगारात जातात, त्यांच्यातली चांदी काढून घेतात. "यातला एक तरी फोटो घेऊन जा," तो म्हणाला. "मी सगळ्यांवरची अक्षरं पुसून नीट लिहिलीयत. आता खरा आहे तो."

तिने लिफाफ्याला हात लावला नाही. "नको, दादा. तुम्हीच ठेवा. तुम्ही ओळखता ना त्यांना आतून."

तिने मुलीला हाक मारली, तिच्या पाठीची बटणं लावली आणि दोघी फाटकाकडे गेल्या. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मधलं दार पलीकडून लावलेलं होतं. त्याच्या बायकोने विचारलं, काय झालं. तो बसला, आणि तिलाही पहिल्यापासून सांगायला लागला.